चिटाचे झाड, मोच्याची आरी आणि आपली सुई

गेल्या वर्षी आपल्या ज्ञातीच्या महिला शाखेने भरविलेल्या हस्तकला-प्रदर्शनात एक पलंगपोस मांडला होता. पांढऱ्या दोसुती कापडावर लोकरीच्या धाग्यांनी एक मोठे झाड भरलेले. बुंधा नागमोडी, त्याच्या पायथ्याशी लहान लहान टेकड्यांची रांग, आणि फांद्यांवर एकाच झाडाला कधीही एकत्र येणार नाहीत अशी नाना जातींची फुले. शेजारच्या चिठ्ठीवर 'इंग्लिश नमुना' एवढीच दोन अक्षरे होती. आपल्यातील एक वयोवृद्ध आजी तेथे थांबल्या, त्यांनी कापडावरून हात फिरविला आणि भरणाऱ्या मुलीस म्हणाल्या, "पोरी, काम सुरेख आहे गं, पण इंग्रजांचे झाड कशाला? आपल्याकडची झाडे काय वाळून गेली?" मुलगी बिचारी ओशाळली. आम्ही जवळच उभे होतो. परंतु त्या वेळी आम्हांसही काही उत्तर सुचले नाही. ज्यांचा पिढीजात व्यवसायच सुई-दोऱ्याचा, त्यांना हे उत्तर ठाऊक असावयास हवे होते, ही रुखरुख मात्र मनास लागून राहिली. पुढे सवडीने जे वाचले व पाहिले, ते ज्ञातिबंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आजींचे शंकासमाधान करू. ते झाड इंग्रजांचे खरे. पण इंग्रजांकडे ते आले कोठून? सतराव्या शतकात चोलमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या आसपास, सुती कापडावर कलमाने चित्रे काढून ती रंगविणारे कुशल कारागीर होते. आपण ज्यास 'चीट' म्हणतो, त्याचेच इंग्रजांनी 'चिंट्झ' केले, आणि आपल्या 'पलंगपोसा'चे त्यांच्या तोंडी 'पॅलमपोर' झाले. या कामाची रीत मोठी किचकट होती. कापड हिरड्याच्या व म्हशीच्या दुधाच्या पाण्यातून काढावयाचे. लोखंडाच्या काटाने काळ्या रेघा ओढावयाच्या. जेथे तांबडा रंग हवा तेथे तुरटीचे पाणी लावून मग कापड मुळांच्या रंगात उकळावयाचे. जेथे निळा नको तेथे मेण लावून कापड निळीच्या पिंपात बुडवावयाचे. आणि हिरवी पाने हवी असतील तर निळ्यावर पुन्हा पिवळा चढवावयाचा. इतके केल्यावर जे तांबडे, काळे व निळे रंग बसत, ते धुतले तरी सहसा जात नसत. त्या काळी युरोपात सुती कापडावर असा पक्का व नानारंगी छाप कोणास साधत नव्हता. लंडनच्या सॅम्युअल पेपिस या गृहस्थाने १६६३ साली पत्नीच्या नव्या खोलीच्या भिंती मढविण्यासाठी असे चीट विकत घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

येथवर ऐकून आजींस समाधान वाटेल, की झाड आपलेच होते, इंग्रजांनी ते नेले. परंतु गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती सरळ करून सांगण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिंदुस्थानातील आपल्या लोकांस कळविले, की येथून येणारे पलंगपोस बहुधा गडद तांबड्या जमिनीचे असतात व ते तिकडे तितकेसे पसंत पडत नाहीत. यापुढे जमीन पांढरी ठेवावी आणि फुले-फांद्या मध्यभागी रंगीत काढाव्यात. तिकडून पुढे नमुनेही येऊ लागले. आपल्या रंगाऱ्यांनी ते पाहून, आपल्या हाताच्या वळणाने काढले. टेकड्या पाहिल्या तर चिनी चित्रांतील खडकांची आठवण होते. काही पानांचे वळण युरोपातील जाजमी पडद्यांचे. आणि फुलांची भरणी मात्र इकडची. जॉन आयर्विन व कॅथरिन ब्रेट या अभ्यासकांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या चिटाच्या इतिहासात ही देवघेव पुष्कळ तपशिलाने मांडली आहे. मग हीच चिटे पाहून इंग्रज स्त्रियांनी ताग-कापसाच्या जाड कापडावर लोकरीच्या दुपदरी धाग्याने पडदे भरले. तेव्हा ते झाड कोणाचे, असे विचारणे म्हणजे पुरणपोळीतील गोडी गुळाची की पुरणाची असे विचारण्यासारखे आहे.

परंतु या देवघेवीत सर्वांचाच लाभ झाला असे मात्र नाही. चिटाचा खप वाढला तसे इंग्लंडातील लोकर व रेशीम विणणाऱ्यांचे माग थंडावले. १७०० साली तेथे रंगीत व छापील परदेशी कापड वापरण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो अपुरा पडला. १७१९ साली लंडनच्या विणकरांनी दंगे केले. चिटाचा झगा घातलेली बाई रस्त्यात दिसली, की तो फाडावा, त्यावर शाई ओतावी, इथवर मजल गेली. मग १७२० साली आणखी कडक कायदा करण्यात आला आणि तो १७७४ पर्यंत टिकला. फ्रान्समध्ये अशीच बंदी १६८६ पासून १७५९ पर्यंत होती. भररस्त्यात स्त्रियांवर हात टाकणाऱ्यांची तरफदारी आम्ही करणार नाही. तथापि तयार कपड्यांनी आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानांवर जी पाळी आणली, ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या विणकरांच्या पोटातील आग समजावयास अडचण पडू नये. मौज अशी, की बंदी रंगविलेल्या सुती कापडास होती. लोकरीने भरलेल्या झाडास नव्हती. सुईतून निघालेले फूल कायद्यातून सुटले.

या बंदीचाच आणखी एक धागा आपल्या भगिनींच्या शिवणाच्या डब्यात आजही सापडेल. म्युलूझ नावाचे नगर त्या वेळी फ्रान्सच्या राज्यात नव्हते. ते १७९८ साली सामील झाले. त्यामुळे फ्रान्सची बंदी तेथे लागू नव्हती. १७४६ साली तेथील काही तरुणांनी हिंदुस्थानी चिटांची नक्कल करून कापड छापण्याचा कारखाना काढला. त्यांतील डॉलफ्यूस घराण्याच्या कारखान्यातूनच पुढे भरतकामाच्या रेशमासारख्या सुताच्या लडीसाठी जगभर प्रसिद्ध झालेली 'डी. एम. सी.' ही कंपनी उदयास आली. १८८६ साली थेरेझ द दिलमाँ या बाईंचा सुईकामाचा मोठा ज्ञानकोश निघाला. त्याचा प्रसार याच कंपनीने अनेक भाषांतून केला, आणि देशोदेशीचे टाके घरोघर पोहोचले. त्या लडीचा धागा ओवताना तो मच्छलीपट्टणच्या चिटाचे नाते सांगतो, हे आम्हांसही आजवर ठाऊक नव्हते.

आता ज्या विषयासाठी आम्ही मुख्यत्वे लेखणी उचलली, त्याकडे वळू. चिटाचे रंगारी दक्षिणेकडचे. पण त्याच काळात गुजराथेतून भरलेले पडदेही विलायतेस जात. सुती कापडावर रेशमी धाग्यांनी साखळीटाक्यात भरलेली तीच झाडे व तीच फुले. अॅशबर्नहॅम येथील घरात लावलेले असे पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते १७०० च्या सुमाराचे. हे काम कोणाचे? मोच्यांचे. गुजराथेतील चामड्याच्या चटयांवर पशुपक्षी काढून त्यांवर सोन्यारुप्याच्या तारेचे काम करीत, याचे वर्णन तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने करून ठेविले आहे. चामडे टोचण्याची जी आरी, तीच बारीक करून तिच्या टोकास खाच पाडली, आणि ती कापडावर चालू लागली. कापड चौकटीवर ताणलेले. एक हात वर, एक हात खाली. वरून आरी टोचावयाची, खालच्या हाताने धागा खाचेत अडकवावयाचा, फास वर ओढावयाचा, आणि त्याच फासातून पुन्हा टोचावयाचे. पाहता पाहता साखळी धावते. सुईने तीच साखळी घालावयास किती वेळ लागतो, हे आपल्या घरातील कोणासही विचारावे. कच्छमधील मोच्यांत अशी सांगी आहे, की ही विद्या त्यांना सिंधकडून आलेल्या एका फकिराने दिली. म्हणजे त्यांचेही ज्ञान उसनेच. आणि ते तसे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

ही आकड्याची साखळी अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये पोहोचली. ती पूर्वेकडून आली एवढे तेथे सर्वजण मानीत. गोल चौकटीवर कापड ढोलकासारखे ताणलेले, म्हणून तिचे नाव 'तांबूर' पडले. दरबारी स्त्रियांना तिचे इतके वेड लागले, की मादाम द पाँपादूर हिचे द्रूए या चित्रकाराने १७६३-६४ मध्ये काढलेले चित्र आहे, त्यात ती तांबुरापुढेच बसली आहे. १७७० साली सँ-ओबँ या राजदरबारच्या नमुनाकाराने भरतकामावर ग्रंथ लिहिला, त्यात या आकड्याचे वर्णन सापडते. चामड्याच्या वासात बसून ज्यांनी हे हत्यार घडविले, त्यांतील एकाचेही चित्र कोणी काढले नाही.

पुढची कथा तर थेट आपल्या घरात येते. बार्तेलमी तिमोनिये हा १७९३ साली जन्मलेला फ्रेंच मनुष्य धंद्याने शिंपी. त्याच्या भागात बायका घरोघर आकड्याने साखळीचे भरतकाम करीत. त्यांचे हात पाहून त्याच्या मनात आले, की हेच काम यंत्राने का होऊ नये? १८३० साली त्याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रातील सुई खाचेची होती व टाका साखळीचा होता. पॅरिसमध्ये अशी ऐंशी यंत्रे सैन्याचे कपडे शिवू लागली; १८३१ साली तेथील शिंप्यांनी चालून जाऊन ती मोडून टाकली. तिमोनिये १८५७ साली दारिद्र्यात वारला. आज आपण जे पायमशीन चालवितो, त्याचा टाका दोन धाग्यांचा, होव व सिंगर यांच्या परंपरेतला, तो वेगळा. परंतु यंत्र शिवू शकते, हे प्रथम कामातून दाखविले ते या शिंप्याने, आणि तेही आकड्याने. सुई मोठी की आरी मोठी, शिंपी वरचढ की मोची, असल्या तोऱ्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी पुष्कळ काळ घालविला. ज्या यंत्रावर आपली मुले शिकली, त्याच्या वंशावळीत आरीही बसली आहे, हे आपण आता तरी मोकळेपणाने सांगावयास हवे.

इतर उदाहरणे थोडक्यात सांगतो. मुंबईच्या पारशी भगिनींचा 'गारा' हा चीनच्या व्यापारातून आला. एकोणिसाव्या शतकात कँटनकडे जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी तिकडचे भरीव रेशीमकाम आणविले, आणि ते साडीच्या मापात बसविले. त्यातील ठिपक्यांच्या एका नमुन्यास त्यांनी 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदा-बटाटा, असे घरगुती नाव दिले. परकी वस्तू आपलीशी होते ती अशी! उलट, काही टाके कोणी कोणाकडून घेतले हे ठरविणेच कठीण. धारवाडकडील कसूतीतील 'गवंती' आणि युरोपात चित्रकार होल्बाइनच्या नावाने ओळखला जाणारा टाका, हे दोन्ही एकच: धावदोरा घालीत जावयाचे आणि परतताना मोकळ्या जागा भरीत यावयाचे, म्हणजे कापड दोन्हीकडून सारखे दिसते. कोल्हापूर-सोलापूरकडील कित्येक घरांत इरकली लुगड्यांवर अशी कसूती आहे. ती मोजून घातलेली असते. छाप लागत नाही, गाठ मारीत नाहीत.

येथेच आम्हांस एक तक्रार करावीशी वाटते. हल्ली पुस्तकातील वा दूरध्वनीच्या पडद्यावरील चित्र कापडावर छापून घेतात आणि हाती लागेल त्या टाक्याने भरतात. त्यामुळे मोजून घालावयाची कसूती देठाच्या टाक्यात येते आणि लखनौची बखिया, जी उलटीकडून घालून पातळ मलमलीतून सावलीसारखी दिसावयाची, ती सुलटीकडून जाड भरली जाते. चित्र येते, विद्या येत नाही. परदेशचा नमुना अवश्य घ्यावा, पण आधी त्याची उलटी बाजू पाहावी. कारागिराचा हात तेथे दिसतो. आमचे वडील कोणताही नवा कोट हाती आला की प्रथम अस्तर उलटून पाहत, ते याचसाठी.

त्या पलंगपोसाची चिठ्ठी यंदा नव्याने लिहिली आहे. त्यात चीट, इंग्रजी पडदे आणि मोच्यांची साखळी, या तिघांचाही उल्लेख आहे. चिठ्ठी थोडी लांबली, परंतु आजींनी ती चष्मा लावून पुरती वाचली. आणि आपल्या सासूबाईंचे कसूतीचे इरकली लुगडे ट्रंकेतून काढून महिला शाखेकडे पाठविले. घडीवर ते विरू लागले आहे. आणखी ज्या घरी असे जुने लुगडे, कुंची, दुपटे वा भरलेला बटवा असेल, त्यांनी तो चार दिवसांपुरता द्यावा, ही विनंती. कापडास टाचणी न लावता दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली जातील, टाके मोजून आलेखाच्या कागदावर उतरविले जातील, आणि ज्यांच्या हातचे काम त्यांचे नाव, ठाऊक असल्यास, त्या कागदावर प्रथम लिहिले जाईल.