दयेचे ठिकाण



आपल्या नव्या जालन्यासारख्या बाजारपेठेच्या गावी सहज घडू शकेल अशा एका प्रसंगापासून आरंभ करतो. मापात मारणारा एखादा माणूस मोंढ्यात सापडतो. चार लोक जमतात, थोडी बोलाचाली होते आणि मग कोणीतरी म्हणतो, “जाऊ द्या हो, लेकुरवाळा आहे बिचारा!” ऐकणाऱ्यांची मने द्रवतात, माणूस सुटतो आणि आपण काही पुण्य केले अशा समाधानात मंडळी घरोघर जातात. पण ज्या शेतकऱ्याचे धान्य त्या मापाने गिळले, तोही लेकुरवाळाच असतो. त्याची आठवण त्या वेळी कोणालाच होत नाही. दया खरी असते, पण तिचे ठिकाण चुकलेले असते. या चुकलेल्या दयेविषयी कॅथलिक परंपरेने पुष्कळ विचार केला आहे आणि पुष्कळ ठेचाही खाल्ल्या आहेत. त्या इतिहासाची काही पाने आज चाळावयाची आहेत.

ख्रिस्ती धर्म म्हणजे क्षमेचा धर्म, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नव्हे. पण अपुरी आहे. कॅथलिक शिकवणीत दयेची जी आत्मिक कृत्ये सांगितली आहेत, त्यांच्या यादीत अपराधांची क्षमा करणे हे जसे एक कृत्य आहे, तसेच पापी माणसाला समज देणे हेही एक कृत्य आहे. म्हणजे कानउघाडणी ही दयेच्या विरुद्ध बाजूची नसून दयेच्याच घरातली मानली आहे. प्रायश्चित्ताच्या संस्कारातही हाच क्रम दिसतो. मनापासून पश्चात्ताप, दोषाची स्पष्ट कबुली आणि झालेल्या हानीची शक्य तितकी भरपाई, या गोष्टी त्यात अपेक्षित असतात. चोराने चोरीचा माल जवळ ठेवून क्षमा मागितली, तर ती क्षमा त्याला लाभत नाही. न्यायावाचून दया समाजाची घडी विसकटते आणि दयेवाचून न्याय क्रूर होतो, असा तेराव्या शतकातील संत टॉमस अक्वायनस यांच्या विचाराचा आशय आहे.

आता इतिहासाकडे वळू. इ. स. 390 मध्ये रोमन सम्राट थिओडोसियस याच्या हुकमाने थेस्सलोनिका नगरीत हजारो नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे धर्माध्यक्ष संत अँब्रोज यांनी सम्राटाला कळवले की, उघड प्रायश्चित्त घेतल्यावाचून त्याला वेदीवरील प्रसादाचा अधिकार नाही. सम्राटाने अखेर ते प्रायश्चित्त घेतले. मोठ्या माणसाच्या अपराधावर दयेचे पांघरूण घालण्याचा मोह कोणत्याही युगात प्रबळच असतो. अँब्रोज यांनी तो टाळला.

पुढे वीस-बावीस वर्षांनी, उत्तर आफ्रिकेत, पंथकलहातून एका कॅथलिक धर्मगुरूचा खून झाला आणि दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडण्यात आले. गुन्हेगारांनी कबुली दिली. तेव्हा हिप्पोचे धर्माध्यक्ष संत ऑगस्टीन यांनी राज्याधिकारी मार्सेलिनस यास पत्र लिहिले. मेलेली, जायबंदी झालेली माणसे त्यांच्याच गोटातली. तरीही त्यांनी विनंती केली की, या गुन्हेगारांचा प्राण घेऊ नये, डोळ्याला डोळा या न्यायाने त्यांचे अवयवही तोडू नयेत. मात्र त्यांना मोकळे सोडा, असे ऑगस्टीन म्हणाले नाहीत. त्यांची दुष्कृत्ये थांबवावी आणि त्यांना एखाद्या उपयुक्त कामाला लावावे, असे त्यांचे सांगणे होते. दया कोठे संपते आणि भाबडेपणा कोठे सुरू होतो, ती रेषा येथे स्पष्ट दिसते.

ही रेषा खुद्द चर्चनेच पुढे पुसली, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विसाव्या शतकात अनेक देशांत काही धर्मगुरूंनी लहान मुलांवर अत्याचार केले आणि त्यांच्या वरिष्ठांनी कित्येकदा त्यांना शासन करण्याऐवजी दुसऱ्या गावी बदलून पाठवले. 2002 साली अमेरिकेतील बोस्टन येथे हे प्रकरण उघडकीस आले आणि जगभर खळबळ उडाली. संस्थेची अब्रू झाकण्याची हाव त्यामागे होतीच. पण दुसरेही एक कारण होते, ते पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2010 साली बोलून दाखवले. चर्च हे प्रेमाचे असावे, शिक्षेचे नसावे, अशा समजुतीने चर्चचा दंडविधान वापरावाचून पडून राहिला, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी तो दंडविधान नव्याने लिहवून घेतला, तेव्हा प्रेम आणि शिस्त यांचे नाते न कळल्यामुळे पुष्कळ हानी झाली, हे त्यांनीही मान्य केले. अपराध्यावर केलेल्या त्या दयेची किंमत मुलांनी भरली होती. अस्थानी दयेचा याहून दारुण दाखला शोधावा लागणार नाही.

मग क्षमेला जागाच नाही काय? आहे, आणि तिचे उदाहरण आपल्याला दूर नाही. होळकरांच्या इंदूर परिसरात सिस्टर राणी मारिया या जोगीण आदिवासींना सावकारी कर्जाच्या पाशातून सोडवण्याचे काम करीत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी धावत्या बसमध्ये समंदर सिंग याने त्यांची हत्या केली. त्याला जन्मठेप झाली. 2002 साली मृत सिस्टरच्या धाकट्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या मारेकऱ्याला राखी बांधली. तो पश्चात्तापाने पालटला. कुटुंबाच्या रदबदलीनंतर 2006 साली त्याची सुटका झाली. येथील क्रम ध्यानात घ्यावा. आधी न्यायालयाचा निकाल, मग तुरुंगातील वर्षे, मग पश्चात्ताप आणि शेवटी सुटका. शिवाय क्षमा केली ती जिचा घाव होता तिने. रस्त्यावरच्या बघ्यांनी नव्हे. दुसऱ्याच्या जखमेवर आपण उदार होणे फार सोपे असते.

आपण मराठवाड्यातील माणसे आहोत, म्हणून या नाण्याची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये. सप्टेंबर 1948 मध्ये निजामी राजवट कोसळली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, लातूरचा वकील, याच्यावर खटला चालला, त्याने शिक्षा भोगली आणि 1957 साली सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला. तो न्याय होता. पण त्याच दिवसांत हैदराबाद संस्थानातील कित्येक गावी, ज्यांचा रझाकारीशी काडीचाही संबंध नव्हता, अशा हजारो मुसलमानांना सूडाने मारण्यात आले. तो न्याय नव्हता. कठोरपणाचा नेम चुकला, तर निरपराध मरतात. आणि दयेचा नेम चुकला, तरी मरतात ते निरपराधच.

तात्पर्य, दया करू नका, असे हा इतिहास सांगत नाही. दया करण्याआधी तीन प्रश्न विचारा, असे तो सांगतो. अपराध्याने अपराध कबूल केला आहे काय? ज्याचे नुकसान झाले, त्याची भरपाई झाली आहे काय? आणि उद्या ज्याचे नुकसान होऊ शकेल, त्याच्या रक्षणाची काही तजवीज आहे काय? या तिहींचे उत्तर ‘होय’ असेल, तर मन मोकळे करून क्षमा करावी. नसेल, तर मोंढ्यातल्या त्या प्रसंगी डोळ्यांत येणारे पाणी आधी कोणासाठी यावे, याचा ज्याने त्याने विचार करावा. माप खोटे निघाले म्हणजे पहिली चौकशी शेतकऱ्याच्या घराची झाली पाहिजे. त्यानंतर दुकानदाराच्या लेकरांचीही अवश्य व्हावी.