दिवस राहण्याआधीची नोंद

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतले तालुके. 1876चा दुष्काळ इथे आला, 1972चाही आला. पावसाच्या, पिकांच्या, जनावरांच्या नोंदी दप्तरांत राहिल्या. बायकांच्या अंगात काय उरले हे शिस्तीने नोंदवायला मात्र 1993 उजाडावे लागले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरूर भागातल्या सहा गावांत सुरू केलेला अभ्यास दिवस राहण्याच्याही आधीपासून चालत असे. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घेत. गरोदरपणाआधी या बायकांचे वजन सरासरी 42 किलोंच्या आसपास होते. बाळे सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांहून बरीच हलकी. स्नायू कमी, चरबी मात्र टिकून. दोन-तृतीयांश आयांमध्ये बी-12 जीवनसत्त्व अपुरे होते. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होते.

टेस्ट ट्यूब बेबीच्या पुढच्या आयुष्याचा विचार या गावांपासून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे. 1986 मध्ये मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांना यश आले तेव्हा मूल होणे हीच मोठी गोष्ट होती. आता ते मूल चाळिशीत कसे असेल हेही विचारायला हवे. गर्भ काचेच्या बशीत असतो त्याच दिवसांत जनुकांवरच्या मिथाइल खुणा पुसल्या जातात आणि पुढे नव्याने उमटतात. नेदरलँड्समध्ये तर बशीतले द्रावण वेगळे असले की जन्मवजनही वेगळे भरते, असे आढळले. गावातली गर्भधारणा नैसर्गिक, तिचा प्रयोगशाळेशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण बी-12 आणि फोलेट याच मिथाइल खुणांना लागणारा माल पुरवतात, आणि बीजांड बशीत येण्याआधी पोसले जाते ते आईच्याच शरीरात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अशा उपचारांतून जन्मलेली बहुतेक मुले निरोगी असतात, बेकविथ-वीडेमानसारखे विकार त्यांच्यात जास्त दिसले तरी मुळात विरळच, आणि त्यांचे कारण उपचार नसून आईवडिलांचे वंध्यत्वही असू शकते. हे मान्यच. पण याचा निवाडा मुलांना वर्षानुवर्षे भेटत राहिल्याशिवाय होणार नाही. शिरूरच्या मुलांमधला फरकही केवळ जन्मवजन पाहून कळला नसता.

यातून दोष पुन्हा सुनेच्या माथी मारला जाऊ नये. तिच्या ताटात दूध किती येते आणि शेतात तिला किती राबावे लागते, हे घर ठरवते. याच गावांतली ती मुले वयात आल्यावर, 2012 मध्ये, मुलींबरोबर मुलग्यांनाही बी-12 देण्याची चाचणी सुरू झाली, ती योग्यच होती. 2021च्या कायद्याने टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचार केंद्रांची नोंदणी बंधनकारक केली आहे. या केंद्रांनी ठेवायच्या नोंदीत उपचाराआधीचे आईवडिलांचे वजन आणि बी-12 यावे, आणि मूल सहा वर्षांचे झाल्यावर केंद्राने पुन्हा त्याची तपासणी करावी.