लोक काय म्हणतील? पंचहौदच्या चहापासून आपल्या दत्तपूरपर्यंत

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. चहा घेऊन बसा, कारण गोष्ट चहापासूनच सुरू होते.

४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम होता. शहरातली मोठी माणसं गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कार्यक्रम झाल्यावर मिशनवाल्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतली, कोणी नाही. बस, एवढंच झालं. कोणी बाप्तिस्मा घेतला नाही, कोणी देव बदलला नाही.

पण तिथे गोपाळराव जोशी होते, डॉ. आनंदीबाई जोशींचे यजमान. त्यांनी हजर लोकांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. आणि मग जे सुरू झालं त्याला त्या काळी 'ग्रामण्य' म्हणत. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांना आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगावं लागलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होऊ शकणारा माणूस एका कप चहासाठी झुकला.

का झुकला? भीती देवाची होती का? मला नाही वाटत. या शिक्षेचं यंत्र समजून घ्या. तिच्याकडे पोलीस नाही, तुरुंग नाही, हातकडी नाही. श्राद्धाला भटजी येणार नाही. लेकीला सासरचे माहेरी पाठवणार नाहीत. पोराचं लग्न जमणार नाही. पंगतीत पाट मांडला जाणार नाही. म्हणजे चहा पिणारा एकटा, पण शिक्षा घरातल्या बाईला, म्हाताऱ्या आईला, पोरीबाळींना. मोठा माणूस स्वतः उपाशी राहू शकतो हो, पण लेक दारातून परत गेलेली त्याला बघवत नाही. लाज नावाची गोष्ट नेमकी तिथेच घाव घालते.

आता दुसरी गोष्ट, आपल्या विदर्भाची.

नारायण वामन टिळक. कवी, संस्कृतचे जाणकार, काही काळ नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या. उतरताना त्याने बायबल हातात दिलं. टिळक वाचत गेले. मिशनच्या लोकांना पत्रं लिहू लागले, पण स्वतःचं नाव लपवून. विचार करा, शेकडो लोकांपुढे बोलणारा पंडित, पण मनातला प्रश्न विचारायला टोपणनाव लागलं. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि शिक्षा कोणाला झाली? लक्ष्मीबाईंना. नवरा जिवंत, पण संसार संपला. पदरात लहानगा दत्तू, आसरा पंढरपूरला बहिणीकडे. न केलेल्या गोष्टीची लाज त्यांनी कित्येक वर्षं वाहिली. पुढे त्या नगरला नवऱ्याकडे गेल्या, तरी आधी चूल वेगळी, पाणी वेगळं. सोवळं हळूहळू सुटलं, आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलंय. गंमत अशी, की त्यात शाप कोणालाच नाहीत, हसू मात्र पानोपानी आहे. शाळेत न गेलेल्या बाईने समाजाने दिलेली लाज समाजालाच हसत हसत परत केली.

रेव्हरंड टिळकांना आयुष्यभर एक टोमणा खावा लागला, जो आजही जशाच्या तसा चालतो : "पोटासाठी बाटला." १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. मे १९१९ मध्ये ते गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं मानणारा हा माणूस. इकडच्यांना तो बाटगा वाटला, आणि तिकडच्या काहींना जास्तच देशी.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या येशूसाठी हे सगळं झालं, त्याची स्वतःची शिक्षा काय होती? क्रूस. रोमन राज्यात ती नुसती फाशी नव्हती. कपडे उतरवून, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, डोक्यावर आरोपाची पाटी लावून मारत. येणारा-जाणारा थुंकला पाहिजे, हाच हेतू. म्हणजे हा धर्मच मुळात चारचौघांत बेअब्रू झालेल्या माणसाभोवती उभा आहे. म्हणूनच की काय, त्याच्या सेवकांतले काही लोक समाजाने सगळ्यात जास्त लाज चिकटवलेल्या माणसांकडे गेले. महारोग्यांकडे.

आयरिश माणूस वेलस्ली बेली पंजाबात शिक्षक म्हणून आला, अंबाल्याला कुष्ठरोगी पाहिले आणि १८७४ मध्ये त्यातून 'लेप्रसी मिशन' उभं राहिलं. आपल्या शेजारी अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळच्या कोठाऱ्याचा दवाखाना त्याच परंपरेतला. ज्याला आईच्या हातची भाकर लांबून फेकली जायची, त्याची जखम कोणीतरी हाताने धुतली. यात काही दोष नव्हते का? होते. मिशनच्या आश्रमांतही निरोगी मुलांना आजारी आईबापांपासून तोडून ठेवायची पद्धत होती. उपचारासोबत उपदेशही असायचा. पण हात लावला, हे खरंच.

आणि हा हिशोब मांडला कोणी? वर्ध्यात राहून गांधीजींनी. 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत १९४५ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी कुष्ठरोग्यांचा मुद्दा घातला. हे काम जवळपास सगळं मिशनरीच करतात, असं सांगून त्यांनी भारतीयाने निव्वळ प्रेमापोटी चालवलेली एकच संस्था नोंदवली. कोणती? वर्ध्याजवळची, मनोहर दिवाणांची. म्हणजे आपलं दत्तपूर! विनोबांच्या या शिष्याने १९३६ मध्ये ते काम सुरू केलं होतं.

सेवाग्रामला गेलात तर परचुरे कुटी बघा. परचुरे शास्त्री संस्कृतचे विद्वान, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत होते. कुष्ठरोग झाला आणि सगळे दरवाजे बंद झाले. ते सेवाग्रामला आले तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी जवळच झोपडी बांधवली, आणि स्वतःच्या हाताने मालिश केली, सगळ्यांच्या देखत. त्याच शास्त्रींकडून आश्रमात लग्नही लावून घेतलं. पुढे शास्त्री दत्तपूरला राहिले आणि १९४५ मध्ये तिथेच वारले.

बघा, लाज चौकात दिली जाते, म्हणून ती चौकातच काढावी लागते. घरात गुपचूप सहानुभूती दाखवून चालत नाही. हे बेलीला कळलं, दिवाणांना कळलं, गांधीजींना कळलं. त्याच वर्ध्यात मगनवाडीला जे. सी. कुमारप्पा होते. पक्के ख्रिस्ती, पक्के गांधीवादी. तुरुंगात बसून त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं आणि त्याला प्रस्तावना गांधीजींची. कुमारप्पांनी धर्म लपवला नाही, गांधीजींनीही तो बदलायला सांगितला नाही.

कायदा मात्र फार सावकाश चालला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण धरणं २०१९ मध्ये बंद झालं. तोवर हिंदू विवाह कायद्यात ते होतं, आणि ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या कायद्यातही होतं. म्हणजे या बाबतीत सगळे सारखेच. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला. त्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता आजचं बोलू. १८९० मध्ये नावं छापायला वर्तमानपत्र लागलं. आज एक मोबाईल पुरतो. कोणाच्या घरी प्रार्थना झाली, कोणाची पोरगी कोणासोबत गेली, कोणाचा रिपोर्ट काय आला, फोटो आणि नाव गावाच्या ग्रुपवर. खाली दोनशे अंगठे. कोणी आमिष दाखवत असेल, जबरदस्ती करत असेल, तर पोलीस ठाणं आहे, कोर्ट आहे, बेलाशक तक्रार करा. पण माणसाला चौकात उभं करायचा अधिकार ग्रुप अ‍ॅडमिनला कोणी दिला? आणि आम्ही पत्रकारांनीही हे ध्यानात ठेवावं, की त्या चहाच्या प्रकरणात पहिला दगड एका वर्तमानपत्रातूनच आला होता.

पुढच्या वेळी असा फोटो आला की पुढे ढकलण्याआधी एक मिनिट थांबा. त्या माणसाची लेक माहेरी यायची असेल. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन, सगळ्यांच्या देखत, एक कप चहा प्या.