वाऱ्याला लागलेले वळण

देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. फिरणारी पाती सर्वांच्याच नजरेत भरतात. पण वाऱ्याची वीज घरात घेण्याजोगी कशी झाली, हा इतिहास पात्यांचा कमी आणि नियंत्रणाचा अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

अडचण मुळातच आहे. आपल्या ग्रिडमधील वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. वारा मात्र कोणाचे ऐकत नाही. १८९१ साली डेन्मार्कमध्ये आस्कोव्ह येथील शिक्षक पोल ला कूर यांनी पवनचक्कीवर वीज निर्माण केली, ती डीसी होती. ती साठवण्यासाठी त्यांनी पाण्यापासून हायड्रोजन काढला आणि त्यावर शाळेतले दिवे लावले. पुढे १९५७ मध्ये योहानेस यूल यांनी गेडसर येथे २०० किलोवॉटची पवनचक्की थेट ग्रिडला जोडली. ती दहा वर्षे चालली. मात्र ग्रिडने तिचा वेग जवळजवळ बांधून ठेवला होता. त्यामुळे वाऱ्याचा प्रत्येक झोत यंत्राला आणि तारांनाही सोसावा लागे. १९८६ मध्ये ओखा, तुतिकोरीन आणि कोकण किनाऱ्यावर आपल्या देशातील सुरुवातीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या ५५ किलोवॉटच्या होत्या.

यातून वाट काढली ती इन्व्हर्टरने. जनित्र वाऱ्याप्रमाणे फिरू द्यायचे, त्याची वीज आधी डीसी करायची आणि इन्व्हर्टरने तिची पुन्हा एसी घडवायची. त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडतात व मिटतात. यासाठी उपयोगी पडलेला आयजीबीटी हा स्विच १९८०च्या सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित करणारे जयंत बालिगा हे मद्रास आयआयटीचे विद्यार्थी. २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला.

पण स्विच म्हणजे नुसते हात; ताल सांभाळायचा तो नियंत्रकाने. ग्रिडची लहर क्षणोक्षणी मोजून त्याच ठेक्यावर तो स्विच चालवतो. ठेका चुकला की लहर खडबडीत होते. मोटारी व ट्रान्सफॉर्मर तापतात. उरलेला खडबडीतपणा फिल्टर काढून टाकतो.

या नियंत्रणाचे मोल २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियाला कळले. वादळाने विजेचे मनोरे कोसळले आणि व्होल्टेज पुन्हा पुन्हा खचले. असे धक्के ठरावीक वेळाच सोसायचे, अशी मर्यादा काही पवनचक्क्यांच्या नियंत्रकात घातलेली होती. ती ओलांडताच त्यांनी वीज एकदम कमी केली, शेजारच्या राज्यातून येणाऱ्या वाहिनीवर भार पडून ती तुटली, आणि सारे राज्य अंधारात गेले. वारा होता, पाती शाबूत होती; चुकली होती ती नियंत्रकातली एक मर्यादा. ती नंतर बदलण्यात आली.

आज देवास, रतलाम, मंदसौरकडे पवनचक्क्या वाढल्या आहेत. त्या किती मेगावॉटच्या, हे आपण सहज विचारतो. व्होल्टेज खचले तर त्या किती वेळ तग धरतील, हेही विचारायला हवे.