प्रशिक्षकाचा विवेकाधिकार आणि व्यावसायिक मर्यादा : किशोरवयीन जलतरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडा क्षेत्राच्या इतिहासात विक्रम, पदके व स्पर्धा यांची नोंद विपुल प्रमाणात आढळते. त्या तुलनेत प्रशिक्षक व खेळाडू यांच्यातील संबंधांचा इतिहास दुर्लक्षित राहिला आहे. विशेषतः जलतरणासारख्या, बालवयात सुरू होणाऱ्या व पौगंडावस्थेत शिखराकडे जाणाऱ्या खेळात हा संबंध अत्यंत निकटचा असतो. या निकटतेच्या मर्यादा कोणी व कशा ठरवाव्यात, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत फारसा विचारलाच गेला नाही. प्रस्तुत लेखात ब्रिटन, आयर्लंड व अमेरिका या देशांतील घटनाक्रमाच्या आधारे व्यावसायिक मर्यादांच्या संकल्पनेचा विकास तपासला असून भारतीय परिस्थितीशी त्याचा संबंध स्पष्ट केला आहे. पक्षपात व मर्यादाभंग हे दोन स्वतंत्र दोष नसून प्रशिक्षकाच्या अनिर्बंध विवेकाधिकारातूनच दोहोंचा उगम होतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तरणतलावावरील सत्तेचे स्वरूप

जलतरण हा वरकरणी सर्वांत निःपक्षपाती खेळ आहे. घड्याळ कोणाचीही भीडमुर्वत ठेवत नाही. अमेरिकेत ऑलिंपिकमधील वैयक्तिक शर्यतींसाठी जलतरणपटूंची निवड चाचणी स्पर्धेतील क्रमांकानुसार होते व तेथे प्रशिक्षकाच्या मर्जीला वाव नसतो. परंतु त्या चाचणीपर्यंत पोहोचण्याआधी मुलाची आठ-दहा वर्षे क्लबमध्ये जातात. तेथे कोणत्या मार्गिकेत कोणी पोहावे, वरच्या गटात कोणाला घ्यावे, कोणत्या स्पर्धेत कोणाची नावनोंदणी करावी, रिले संघात कोण असावे आणि कोणाच्या हातांच्या फेकीकडे अधिक वेळ लक्ष द्यावे, हे सर्व एक व्यक्ती ठरवते. या निर्णयांची नोंद सहसा कोठेही होत नाही व त्यांविरुद्ध दादही मागता येत नाही.

याशिवाय या खेळाची काही वैशिष्ट्ये लक्षात घेणे आवश्यक आहे. सराव पहाटे व सायंकाळी होतो. स्पर्धांसाठी परगावी मुक्काम करावा लागतो. मुले पोहण्याच्या तोकड्या वेशात असतात आणि तंत्र शिकवताना काही प्रसंगी स्पर्श अपरिहार्य असतो. पालक काठावर किंवा तलावाबाहेर असतात व बहुधा तांत्रिक बाबतीत अनभिज्ञ असतात. परिणामी प्रशिक्षकाची मर्जी हीच मुलाच्या प्रगतीची किल्ली ठरते. ज्या मुलावर मर्जी असते ते ऋणाईत होते; ज्याच्यावर नसते ते मुकाट्याने खेळ सोडते.

ब्रिटिश संशोधक सीलिया ब्रॅकनरिज यांनी या प्रक्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचा ‘स्पॉइलस्पोर्ट्स’ हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. शोषणाचा आरंभ बळजबरीने होत नाही. विशेष लक्ष, भेटवस्तू, घरी सोडण्याची सोय, इतरांपासून हळूहळू वेगळे पाडणे अशा पायऱ्यांनी तो होतो, ही बाब या अभ्यासामुळे पुढे आली. ब्रॅकनरिज व सँड्रा कर्बी यांनी १९९७ मध्ये आणखी एक गृहीतक मांडले. खेळाडू यशाच्या उंबरठ्यावर असतो, परंतु यश अद्याप हाती आलेले नसते, तो टप्पा सर्वाधिक धोक्याचा होय. कारण त्या वेळी गमावण्यासारखे सर्वाधिक असते. जलतरणासारख्या खेळात हा टप्पा वयात येण्याच्या काळाशी जुळतो. पक्षपात हा केवळ अन्यायाचा नव्हे, तर धोक्याचाही प्रश्न का ठरतो, याचे उत्तर येथे मिळते.

ब्रिटन : १९९५ चा निकाल व त्याचे परिणाम

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश जलतरण संघाचे प्रशिक्षक असलेले पॉल हिक्सन यांना सप्टेंबर १९९५ मध्ये कार्डिफ येथील न्यायालयाने सतरा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. किशोरवयीन जलतरणपटूंवरील लैंगिक अत्याचाराचे अनेक गुन्हे सिद्ध झाले होते व त्यांत बलात्काराचाही समावेश होता. हे गुन्हे दीर्घ कालावधीत घडलेले होते. या खटल्याने ब्रिटिश क्रीडा क्षेत्राचा एक समज मोडीत काढला. देशाचे प्रतिनिधित्व करणारा प्रशिक्षक हा आपोआप विश्वासार्ह असतो, असा तो समज होता.

निकालानंतर जलतरण संघटनेने बालसंरक्षणाची लिखित कार्यपद्धती तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे २००१ मध्ये स्पोर्ट इंग्लंड व एनएसपीसीसी ही बालसंरक्षण संस्था यांच्या सहकार्याने खेळातील बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. क्लबपातळीवर बालसंरक्षण अधिकारी नेमण्याची पद्धत रूढ झाली. तक्रार ऐकणारी व्यक्ती व संघनिवड करणारी व्यक्ती एकच असू नये, हे तत्त्व त्यामुळे व्यवहारात आले.

आयर्लंड : संस्थेचे अपयश

आयर्लंडमधील घटनाक्रम अधिक बोधप्रद आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक जॉर्ज गिबनी यांच्याविरुद्धच्या गंभीर आरोपांची माहिती १९९० च्या सुमारास क्रीडा वर्तुळात पोहोचली होती. या माहितीचा पाठपुरावा करण्यात संघटनेपेक्षा एका जलतरणपटूचा पुढाकार मोठा होता. १९८९ च्या युरोपीय स्पर्धेतील रौप्यपदक विजेता गॅरी ओटूल याने माजी जलतरणपटूंशी संपर्क साधला व त्यांना पोलिसांकडे जाण्याचे बळ दिले. १९९३ मध्ये गिबनी यांच्यावर २७ आरोप ठेवण्यात आले. तथापि कथित घटनांना बराच काळ लोटल्याच्या कारणावरून १९९४ मध्ये उच्च न्यायालयात खटला थांबवला गेला. त्यानंतर ते प्रथम स्कॉटलंडला व पुढे अमेरिकेला गेले. २०२५ मध्ये आयर्लंडच्या विनंतीवरून त्यांना फ्लोरिडात अटक झाली. आरोप व अटक यांच्यात तीन दशकांहून अधिक काळ गेला.

त्यांच्यानंतर राष्ट्रीय प्रशिक्षकपदी आलेल्या डेरी ओरूर्क यांना बालिकांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल १९९८ च्या प्रारंभी बारा वर्षांची शिक्षा झाली. शासनाने रॉडरिक मर्फी यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली व त्यांचा अहवाल १९९८ मध्येच प्रसिद्ध झाला. जुन्या संघटनेच्या जागी १९९९ मध्ये ‘स्विम आयर्लंड’ या नावाने पुनर्रचना करण्यात आली. एका पदावर लागोपाठ आलेल्या दोन व्यक्तींबाबत असे घडावे, हा योगायोग मानता येत नाही. व्यक्ती बदलली तरी पदाची अमर्याद सत्ता तशीच राहिली, हेच त्यातून सूचित होते.

अमेरिका : स्थलांतर, सूची व नियम

अमेरिकेत क्लबांचे जाळे विस्तीर्ण असल्याने संशयित प्रशिक्षकाला दुसऱ्या गावी, दुसऱ्या क्लबमध्ये काम मिळवणे सोपे होते. अँड्र्यू किंग या प्रशिक्षकाला जानेवारी २०१० मध्ये कॅलिफोर्नियात चाळीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एबीसी वाहिनीच्या शोधवृत्ताने हा विषय राष्ट्रीय चर्चेत आणला. त्यानंतर काही आठवड्यांतच यूएसए स्विमिंग या संघटनेने आजीवन बंदी घातलेल्या प्रशिक्षकांची नामावली प्रथमच जाहीर केली. बंदी पूर्वीही घातली जात असे. परंतु ती जाहीर नसल्याने पालकांच्या दृष्टीने निरुपयोगी होती.

नामवंत क्लब चालवणाऱ्या रिक कर्ल यांचे प्रकरण त्याहून सूचक आहे. १९८० च्या दशकातील गुन्हा १९८९ मध्ये आर्थिक तडजोड व गुप्ततेच्या अटीने झाकला गेला. पीडितेने २०१२ मध्ये मौन सोडल्यावर त्यांच्यावर बंदी आली व २०१३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. मधल्या दोन दशकांहून अधिक काळात ते प्रशिक्षण देतच होते.

मार्च २०१७ मध्ये ‘सेफस्पोर्ट’ हे स्वतंत्र केंद्र कार्यान्वित झाले व फेब्रुवारी २०१८ मध्ये संघीय कायद्याने त्याला अधिकार दिले. या व्यवस्थेतील नियम तपशिलाने लिहिलेले आहेत. प्रौढ व अल्पवयीन खेळाडू यांची भेट इतरांना दिसेल व कोणालाही मध्ये येता येईल अशा ठिकाणीच व्हावी, प्रवास व मुक्काम यांत एकान्त टाळावा, संदेशवहनात पालक किंवा दुसरी प्रौढ व्यक्ती समाविष्ट असावी, असे त्यांचे स्वरूप आहे. नियमभंग ठरण्यासाठी गुन्हा घडावाच लागत नाही, ही या नियमांमागील महत्त्वाची भूमिका होय.

विश्वासाच्या स्थानाची कायदेशीर व्याख्या

ब्रिटनमध्ये २००० व २००३ च्या कायद्यांनी विश्वासाच्या स्थानाचा गैरवापर हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षक व निवासी संस्थांतील कर्मचारी त्याच्या कक्षेत आले. क्रीडा प्रशिक्षक मात्र बाहेर राहिले. शाळेतील शिक्षकाला सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीशी जे वर्तन निषिद्ध होते, ते क्लबच्या प्रशिक्षकाला या कायद्याने निषिद्ध नव्हते. ही त्रुटी इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ च्या कायद्याने दूर झाली. हिक्सन खटल्यापासून येथवर पोहोचण्यास सत्तावीस वर्षे लागली. प्रशिक्षक हा शिक्षकच आहे, हे मान्य होण्यास इतका विलंब व्हावा, यातच या प्रश्नाचे गांभीर्य सामावले आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय परंपरेत गुरूच्या पक्षपाताची कथा सर्वपरिचित आहे. अर्जुनाचे श्रेष्ठत्व अबाधित राहावे म्हणून एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांच्या नावानेच १९८५ पासून उत्कृष्ट प्रशिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. या नामकरणात गुरुभक्तीचा आदर्श अभिप्रेत असला, तरी गुरूच्या निर्णयाला प्रश्न विचारू नये हा संस्कारही त्यातून नकळत दृढ होतो.

कायद्याच्या दृष्टीने भारताची स्थिती काही बाबतीत अधिक स्पष्ट आहे. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजेच ‘पॉक्सो’मध्ये, अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली गेली असून विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अत्याचार अधिक गंभीर ठरवला आहे. २०१३ च्या कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम व क्रीडा संकुले यांचा कार्यस्थळ म्हणून उल्लेख आहे.

तरीही व्यवहारातील उणीव सप्टेंबर २०१९ मध्ये गोव्यात प्रकर्षाने दिसली. एका अल्पवयीन जलतरणपटूशी गैरवर्तनाची चित्रफीत प्रसृत झाल्यावर तेथील राज्य संघटनेने संबंधित प्रशिक्षकास सेवेतून काढले व पोलिसांनी त्यास अटक केली. त्याला देशात कोठेही काम मिळू नये, अशी सूचना केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी भारतीय जलतरण महासंघास केली. ही सूचना योग्यच होती. परंतु ती मंत्र्यांना करावी लागली, यावरून अशा प्रसंगी आपोआप कार्यरत होणाऱ्या व्यवस्थेची निकड ध्यानात येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, व्यावसायिक मर्यादांचे नियम प्रशिक्षकांच्या व्यवसायातून सहजपणे उत्पन्न झाले नाहीत. ते न्यायालयीन निकाल, माजी खेळाडूंचे धैर्य व वृत्तमाध्यमे यांच्या दबावातून आले. दुसरी, गुप्तता व स्थलांतर यांनी दोषी व्यक्तींना दीर्घकाळ संरक्षण दिले. म्हणून जाहीर सूची हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय ठरतो. तिसरी, मर्यादाभंगाविरुद्ध नियम झाले, परंतु दैनंदिन पक्षपाताविरुद्ध त्या प्रमाणात झाले नाहीत. गटबदलाचे व रिले निवडीचे निकष लेखी स्वरूपात जाहीर करणे आणि निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवणे, हे उपाय कोणत्याही क्लबला विनाखर्च करता येतील.

अशा नियमांमुळे गुरु-शिष्य संबंधातील जिव्हाळा आटेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. लहान मुलाला पाण्याची भीती घालवताना हात द्यावाच लागतो. परंतु सर्वांच्या देखत दिलेला हात व एकान्तात दिलेला हात यांतील फरक ओळखणे हेच नियमाचे प्रयोजन होय. प्रामाणिक प्रशिक्षकाला नाहक संशयापासून वाचवणारा आधारही हाच नियम देतो. हा प्रश्न तरणतलावापुरता मर्यादित नाही. अंतर्गत गुण, संशोधन मार्गदर्शन किंवा संघनिवड, जेथे जेथे एका प्रौढाच्या मर्जीवर तरुणाचे भवितव्य अवलंबून असते, तेथे तेथे मर्जीच्या जागी निकष आणणे हे शिक्षण संस्थेचे कर्तव्य ठरते.