नावांची वही: कॅलिफोर्निया, नोएडा आणि तुमचा लॅपटॉप

लॅपटॉपवर स्वतःचा डीएनएस कॅशे बसवायचा म्हटलं की हे हल्लीचं काहीतरी तंत्र असावं, असं वाटतं. तसं नाही. यामागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातलं आपल्या देशाचं एक पान दिल्लीशेजारच्या नोएडातलं आहे.

आपण नाव टाइप करतो, पण संगणकाला लागतो आकडी पत्ता. १९७०च्या दशकात अर्पानेटवरची सगळी नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं आणि बाकीच्यांनी फाइल पुन्हा उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तसं हे जमेना. तुमच्या लॅपटॉपवरची 'होस्ट्स' फाइल ही त्याच वहीची खूण.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. वहीची पानं सुटी करून ज्याचं पान त्याच्याकडे दिलं. सर्वांत वर रूट सर्व्हर, खाली '.इन'सारखे विभाग, त्याखाली एकेक संस्था. पण प्रत्येक वेळी वरपासून विचारत यायचं, तर काम तुंबणार. म्हणून कॅशेची सोय मूळ आराखड्यातच होती. मिळालेलं उत्तर जवळ ठेवायचं. ते किती सेकंद चालेल, हे पानाचा मालक ठरवणार. या मुदतीला टीटीएल म्हणतात. रूटमधल्या '.इन'च्या नोंदीची मुदत दोन दिवसांची असते.

आता भारतात येऊ. '.इन'ची नोंद १९८९ची. तिचं काम आधी मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होतं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण दिल्लीतल्या दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधली माहितीसुद्धा अनेकदा परदेशातून वळसा घालून यायची. हा वळसा टाळण्यासाठी २००३ मध्ये 'निक्सी' स्थापन झाली आणि तिचं पहिलं केंद्र नोएडात उभं राहिलं. २००५ मध्ये '.इन'चा कारभार तिच्याकडे आला. त्याच वर्षी दिल्ली परिसरात के-रूटची प्रत बसली, मुंबईत आय-रूटची आणि चेन्नईत एफ-रूटची. वरच्या पायरीचं उत्तर देशातच मिळू लागलं.

लॅपटॉपवरचा कॅशे हा याच प्रवासाचा शेवटचा टप्पा. उबंटूत 'सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड' हे काम आधीपासून करतो. सायमन केली यांचं 'डीएनएसमास्क'ही बसवता येतं; ते १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच यंत्रात, ऐकतं आणि मूळ मांडणीत १५० नावं लक्षात ठेवतं. 'डिग' आज्ञेनं एकच नाव दोनदा विचारून पाहा. पहिल्या वेळी काही मिलिसेकंद, दुसऱ्या वेळी जवळजवळ शून्य.

मात्र जवळचं उत्तर खरंच असेल, असं नाही. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की यांनी दाखवलं, की कॅशेत खोटा पत्ता घुसवता येतो. मग बँकेचं नाव बरोबर टाइप करूनही माणूस भलत्याच दारात पोचेल. तेव्हा जगभरचे सर्व्हर घाईनं दुरुस्त करावे लागले. म्हणून कॅशे बसवा, पण तो अद्ययावत ठेवा आणि पुढे कोणत्या सर्व्हरला विचारतो ते तपासा. साइटनं पत्ता बदलल्यावर जुनंच पान उघडत राहिलं, तर कॅशे रिकामा करा.

वही आता तुमच्याकडे आहे. ती नीट ठेवायची जबाबदारीही तुमचीच.