वाट चुकलेले वडील आणि कायदा

‘साठी बुद्धी नाठी’ असें म्हणून आपण म्हातारपणच्या विस्मृतीस हसण्यावारी नेतों. या विस्मृतीच्या एका प्रकारास मेंदूचा स्वतंत्र रोग म्हणून ओळख मिळाली, ती आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं ट्यूबिंगेन येथें केलेल्या निवेदनानंतर. त्याची रोगी आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची असतां फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळांत आली. स्वतःच्या बिऱ्हाडांतच ती वाट विसरे. ज्या घरांतील वडील ‘घरीं जातों’ म्हणून स्वतःच्याच घरांतून निघतात, त्या घरास हें वर्णन परकें वाटणार नाहीं.

अशा निघालेल्या माणसाचें सरकारनें काय करावें, हा प्रश्न आपल्याकडे रोगाच्या नांवाहूनहि जुना आहे. १८५८ सालीं वेड्यांविषयीं तीन कायदे झाले. दोन त्यांच्या मिळकतीचे, एक इस्पितळांचा. १९१२ च्या कायद्यानें ते एकत्र केले. त्याच्या तेराव्या कलमान्वयें मोकाट फिरणारा इसम वेडा आहे असें वाटल्यास ठाणे-अंमलदार त्यास अटक करूं शके. चोरास जो शब्द, तोच वाट चुकलेल्या आजोबांस! १९८७ च्या कायद्यांत ‘अटक’ जाऊन ‘संरक्षणांत घेणें’ आलें. २०१७ च्या कायद्यानें आणखी पुढें जाऊन अशा माणसास कोणत्याहि स्थितींत कोठडींत ठेवूं नये, २४ तासांच्या आंत सरकारी रुग्णालयांत न्यावें, आणि भटकत सांपडलेल्याचे आप्त पोलिसांनींच शोधावे असें सांगितलें. मानसिक आजाराच्या व्याख्येंत स्मृति व स्थलकालाचें भान यांचा गंभीर बिघाडहि त्यानें घातला. तेव्हां आमच्या मतें वडिलांच्या खिशांत नांव व दूरध्वनीचा क्रमांक ठेवणें, अलीकडचें छायाचित्र हाताशीं असणें, आणि ते दिसेनासे होतांच अब्रूचा विचार न करतां ठाण्यावर जाणें, यांत कमीपणा मुळींच नाहीं.

मिळकतीची गोष्ट मात्र उलट दिशेनें गेली. १९१२ च्या कायद्याखालीं वडिलांस ‘वेडे’ ठरवून घेण्यासाठीं मुलानें अर्ज करावयाचा, हें लाजिरवाणें खरें; परंतु जिल्हा न्यायालय चौकशी करून देहास पालक व मिळकतीस व्यवस्थापक नेमी. १९८७ सालींहि ही वाट राहिली. २०१७ च्या कायद्यानें उपचारासाठीं प्रतिनिधि नेमण्याची सोय केली, पण मिळकतीच्या पालकत्वाचें प्रकरणच गाळलें. मग लोक राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखालीं उच्च न्यायालयाकडे जाऊं लागले. बेशुद्धावस्थेंतील रोग्यांपुरते कांहीं नियम केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं घालून दिले. जिल्ह्याच्या गांवीं राहणाऱ्या शिक्षकास ही वाट किती खर्चाची, हें सांगावयास नकोच.

‘आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे’ असें कित्येक कुटुंबें समाधानानें सांगतात. १८७२ च्या करारकायद्याचें २०१ वें कलम त्यांनीं वाचलेलें नसतें: मुखत्यार देणाऱ्याचें चित्त ठिकाणावर राहिलें नाहीं, कीं मुखत्यारी संपली. इंग्लंडनें ही अडचण १९८५ सालीं निराळा कायदा करून दूर केली. आपण केलेली नाहीं. मृत्युपत्राचें तसें नाहीं. १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणें एरव्हीं भ्रमिष्ट असणारा माणूसहि शुद्धीवर असतांना मृत्युपत्र करूं शकतो. आणि या रोगाच्या आरंभीं असे पुष्कळ दिवस हातीं असतात. त्या दिवसांत घरांत बहुधा चष्मा कोठें ठेवला यावरून थट्टा चाललेली असते.